हनुवटीच्या इम्प्लांटनंतर बधिरपणा किती दिवस राहतो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीच्या हनुवटीत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून आज ६ दिवस झाले. टाके तोंडाच्या आत, खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये आहेत. तिसऱ्या दिवशी सूज इतकी होती की तिने आरशात बघणंच सोडलं. आता ती उतरतेय, काळानिळा डाग गळ्याकडे सरकलाय. दुखणं गोळ्यांनी आटोक्यात आहे.

खरा त्रास वेगळाच. हनुवटी आतून आवळून धरल्यासारखी वाटते, आणि डाव्या बाजूला स्पर्शच कळत नाही. पेज पिताना ओघळली तरी तिला समजत नाही. ते बघून माझ्या पोटात कालवतं. डॉक्टर म्हणाले, ओठाला संवेदना देणारी नस तिथूनच जाते, ती ताणली गेली की बधिरपणा काही आठवडे, कधी काही महिनेही राहतो. ताप किंवा पू नाही.

ज्यांनी हे ऑपरेशन करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा: बधिरपणा जाताना मुंग्या आल्या होत्या का? भाकरी चावून खाणं केव्हा जमलं? ती १५व्या दिवशी कामावर जायचं म्हणतेय, आणि तिचं काम दिवसभर फोनवर बोलण्याचं. तोवर ओठ साथ देईल का?