मदत हवी आहे : बाईकला जास्त उजेडाचा हेडलाइट कोणता टाकू?

पोफळी_शिफ्ट
नमस्कार मंडळी. बाईकचा हेडलाइट अगदीच कमी पडतोय. रात्री शिफ्ट सुटली की लोटे एमआयडीसीतून पोफळीला यायचं असतं. परशुराम घाट उतरून चिपळूणपर्यंत निभतं, हायवेला बाकीच्या गाड्यांचा उजेड असतो. बहादूरशेख नाक्यावरून कऱ्हाड रस्त्याला लागलो की पुढचं काही दिसत नाही. शिरगावच्या पुढे गुरं रस्त्यातच बसलेली असतात, आणि काळी म्हैस पाच हातांवर आल्याशिवाय कळत नाही. परवा डुक्कर आडवं गेलं, थोडक्यात वाचलो.
एलईडी टाकू की हॅलोजन? किती वॅटचा? फक्त कंपनीचं नाव आणि नंबर सांगा. उद्या दुपारी चिपळूणला जाणार आहे, त्याच्या आत सांगा. बजेट दोन हजार. "आधी शोधून बघा" असं कोणी लिहू नका, शोधून डोकं फिरलंय म्हणूनच इथे आलो.

चाकोरी
गाडी कोणती?

नाद_वायरिंगचा
भावा, जास्त विचार करू नकोस. एच४ प्रकारचा १००/९० वॅटचा (हाय बीम/लो बीम) बल्ब घाल आणि सोबत रिले टाक, म्हणजे छोट्या करंटवर चालणारा मोठ्या करंटचा स्विच. बॅटरीवरून जाड वायर, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज, रिलेच्या ३० नंबरला बॅटरी, ८७ वरून बल्ब, ८५-८६ ला जुन्या हेडलाइटची वायर आणि अर्थ. हँडलच्या स्विचवर लोड येत नाही. माझ्या बुलेटला असंच केलंय. आंबा घाटात समोरचे ट्रकवाले डिप्पर मारतात, असला फोकस पडतो.

सरळमार्गी
ट्रकवाले डिप्पर मारतात ते कौतुकानं नव्हे. त्यांना समोरचं दिसत नाही म्हणून मारतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ वाचा. ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल त्याला दिपवणारा दिवा चालत नाही. तुमचा १००/९० रस्त्यासाठी नाहीच.

नाद_वायरिंगचा
समोरून येणारा प्रत्येक जण एलईडी बार लावून येतोय, आम्हीच तेवढं सोवळ्यात राहायचं होय? नियम सगळ्यांना लावा, मग मला शिकवा.

लखलखाट
अजून हॅलोजनवर भांडताय? एलईडी बल्ब घ्या. जुना काढा, नवा लावा, पाच मिनिटांचं काम. वीज कमी खातो, पांढराशुभ्र उजेड, विषय संपला. मी माझ्या पल्सरला लावलाय, एकदम झकास.

फिलामेंट
@लखलखाट, विषय तिथे संपत नाही, सुरू होतो. हॅलोजनचा रिफ्लेक्टर बनवताना फिलामेंट नेमकी कुठे असणार ते धरून त्याचा बाक ठरवलेला असतो. लो बीमच्या फिलामेंटखाली छोटी धातूची वाटी असते, ती खालचा उजेड अडवते म्हणून समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. एलईडी बल्बात उजेडाचा ठिपका मिलिमीटरभर जरी इकडेतिकडे झाला तरी फोकस फुटतो. गाडीच्या पुढ्यात दहा फुटांवर लख्ख आणि लांब अंधार. जवळचं फार उजळलं की डोळ्याची बाहुली आक्रसते, मग लांबचं आणखीच दिसत नाही. आपल्याला मात्र वाटतं, वा, काय उजेड!
शिवाय त्यांचा रस्ता पोफळीचा. पावसाळ्यात ६००० केल्विनचा पांढरा उजेड ओल्या डांबरावर गायब होतो, धुक्यात तर समोर भिंतच उभी राहते. ४३०० च्या आसपासचा पिवळसर बरा.

लखलखाट
मला तरी सगळं नीट दिसतं.

निवृत्त_चालक
कुंभार्ली घाटात मी बरीच वर्षं गाडी चालवली आहे, मोठी. आमच्या वेळी हेडलाइटच्या काचेवर मधोमध काळी टिकली असायची, समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून. धुक्याच्या दिवसांत काही जण पिवळा जिलेटीन कागद बांधायचे. उजेड आजच्या निम्माही नव्हता, पण समोरून गाडी आली की दोघेही डिप्पर करायचे आणि वेग कमी असायचा. आता घाटमाथ्यावर चहा प्यायला थांबलं तरी लोक हाय बीम तसाच ठेवून उभे राहतात. असो, विषयांतर झालं.

घाटवेडी
काका, माथ्यावर भजी अजून तशीच मिळतात का? या पावसाळ्यात जायचं आहे. परशुराम घाटातलं दरडीचं कसं आहे सध्या?

चाकोरी
गाडी कोणती ते कोणी सांगेल का? धागाकर्ते?

व्हायझर_साफ
माझं ऐका, हेल्मेटची काच बदला. ओरखडे पडलेल्या काचेतून समोरचा उजेड फुटतो आणि रात्री आंधळं व्हायला होतं. आणि हॉर्न पण बदला, मूळ हॉर्नला म्हैस हलत नाही. दोन टोनचा घ्या, त्याला मात्र रिले लागेलच.

पोफळी_शिफ्ट
हॉर्नबद्दल कोणी विचारलं? म्हैस हॉर्नला हलत नाही हे मला माहीत आहे, ती कशालाच हलत नाही. मला ती दिसायला हवी.
गाडी स्प्लेंडर आहे. साधी. आता बल्बचा नंबर सांगा.

नाद_वायरिंगचा
स्प्लेंडर? मग तोच रिले, तोच बल्ब. वायर थोडी लहान लागेल.

मॅग्नेटवाला
कऱ्हाडला माझं छोटं गॅरेज आहे, वायरिंगची कामं जास्त करतो. @नाद, जरा थांबा. धागाकर्त्यांनी तीन गोष्टी सांगाव्यात.
स्प्लेंडर कितवी आणि सेल्फची की किकची? इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली तर हेडलाइट लागतो का? आणि थांबलेल्या गाडीची रेस कमी-जास्त केली की उजेड कमी-जास्त होतो का?

पोफळी_शिफ्ट
२०१२ ची, स्प्लेंडर प्लस, किकची. मामाची होती, आता माझ्याकडे आहे. इंजिन बंद असताना हेडलाइट कसा लागेल? स्प्लेंडर आहे. रेस दिली की वाढतो, आयडलला पिवळा धम्मक पडतो. सगळ्यांच्याच गाड्यांचं असं असतं ना? त्यात सांगण्यासारखं काय?

मॅग्नेटवाला
सांगण्यासारखं तेच होतं, सगळं उत्तर त्यातच आहे.
तुमचा हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) कॉइलमधून एसी करंट थेट बल्बला जातो. इंजिन फिरेल तेवढा करंट. ही यंत्रणा ३५/३५ वॅटच्या एचएस१ प्रकारच्या बल्बासाठी केलेली आहे. तिथे एच४ चा ६०/५५ घातला तर कॉइल तेवढं देऊच शकत नाही, व्होल्टेज खाली बसतं. आणि फिलामेंटच्या बल्बाचं गणित वाईट असतं: व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड जवळजवळ ३० टक्के पडतो. म्हणजे बल्ब मोठा आणि उजेड लहान. १००/९० तर सोडूनच द्या.
साधा एलईडी बल्ब या एसीवर लावला तर लुकलुकतो आणि लवकर जातो. एसी-डीसी दोन्हीवर चालणारे मिळतात, पण फोकसचं @फिलामेंट यांनी लिहिलंय ते खरंच आहे.
आधी पैसे खर्च करू नका. डूम, म्हणजे हेडलाइटचा काच-रिफ्लेक्टरचा डबा, उघडा. रिफ्लेक्टरचा पारा उडालाय का, आतून काळा पडलाय का, होल्डर जळालाय का, बल्बावर काय आकडे छापलेत, एवढं बघून सांगा.

नाद_वायरिंगचा
मग कॉइल डीसी करून घ्यायची की. कॉइलचं एक टोक अर्थवर असतं ते सोडवायचं, फुल वेव्हचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) टाकायचा, हेडलाइट बॅटरीवर. मी दोन मित्रांच्या केल्यात.

मॅग्नेटवाला
होतं, मीही करतो. पण किकच्या स्प्लेंडरला बॅटरी अडीच अँपिअर-अवरची. ती बदला, रेक्टिफायर बदला, कॉइल काढून सोल्डरचा टाका मारा, पॅकिंग नवं, मजुरी. दोन हजारांत बसवून दाखवा. शिवाय रात्री शिरगावच्या पुढे काही जळालं तर हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर सगळं एकदम बंद. आज बॅटरी मेली तरी हा माणूस किक मारून उजेडात घरी जातो. हे लहान सुख नाही.

नाद_वायरिंगचा
नीट फ्यूज टाकला तर काही जळत नाही. पण बजेटचं मान्य.

सरळमार्गी
अवांतर : १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालूच असतो, स्विच काढून टाकलाय. त्यामुळे दिवसा समोरून येणाऱ्याला "लाइट चालू आहे" असे हातवारे करणाऱ्यांनी आता थांबावं.

घाटवेडी
माझ्या वडिलांना सांगा हे. अजून प्रत्येकाला हात करतात.

पोफळी_शिफ्ट
चिपळूणला जाऊन आलो. डूम उघडला. रिफ्लेक्टर खालच्या बाजूने चहासारखा तपकिरी झालाय, पारा निम्मा गेलाय. होल्डर वितळून एका बाजूला चिकटलेला. आणि बल्ब बघितला तर त्यावर ६०/५५! बल्बाचे कान (खाचेत बसणाऱ्या पट्ट्या) कानशीने घासून बसवलेला. मामाला फोन केला तर म्हणतो, "उजेड वाढावा म्हणून टाकला होता, तेव्हा बरा वाटला होता."

फिलामेंट
मामांना बरा वाटला असणार, तेव्हा रिफ्लेक्टर नवा होता. मग त्याच बल्बाच्या उष्णतेनं रिफ्लेक्टर आणि होल्डर भाजले. एच४ आणि एचएस१ चे कान जाणूनबुजून वेगळे ठेवलेत, ते घासून बसवायचे नसतात.

मॅग्नेटवाला
आता यादी लहान झाली. पूर्ण डूम नवा घ्या, नुसती काच नको. होल्डर नवा, शक्यतो सिरॅमिकचा. बल्ब ३५/३५ एचएस१, नावाजलेल्या कंपनीचा, निळी काच असलेला नको, तो निळा रंग उजेडच खातो. हेडलाइटच्या अर्थची वायर चेसिसला जिथे लागते तो बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासा, बहुतेक गंजलेला असेल. कोकणातल्या गाड्यांना हे ठरलेलंच.
मग फोकस लावा. मेन स्टँडवर लावू नका, मागचं चाक उचललं जातं आणि फोकस खोटा पडतो. सपाट जागा, भिंतीपासून ८-१० मीटर, टायरमध्ये बरोबर हवा, स्वतः गाडीवर बसा आणि दुसऱ्याला बघायला सांगा. लो बीमचा वरचा काठ भिंतीवर हेडलाइटच्या उंचीच्या थोडा खाली यायला हवा. मागे माणूस बसणार असेल तर त्यालाही बसवून बघा.

लखलखाट
एवढं सगळं करून शेवटी ३५ वॅटच?

मॅग्नेटवाला
हो.

पोफळी_शिफ्ट
काल केलं. डूम, होल्डर, बल्ब, अर्थ. बजेटमध्ये बसलं, थोडे उरले. फोकस कंपनीच्या गोडाऊनच्या भिंतीवर लावला, वॉचमन बघायला. आधी उजेड झाडांच्या शेंड्यांवर जात होता, हे कोणी सांगितलं नसतं तर कळलंच नसतं.
येताना अलोऱ्याच्या अलीकडे म्हैस बसलेली होती, ब्रेक मारायला पुरेशी आधी दिसली. आयडलला अजून पिवळा पडतो, वळणावर गिअर खाली टाकला की मंद होतो. उरलेल्या पैशांत लेगगार्डला एक छोटा फॉग लाइट लावला तर चालेल का? बॅटरीवर.

मॅग्नेटवाला
एकच, १० वॅटचा, पिवळा. १० वॅट म्हणजे एक अँपिअरही नाही. दोन-दोन लावून २०-३० वॅट केलेत तर हळू चालवताना बॅटरी भरायच्या आत रिकामी होईल. बॅटरीजवळच २ अँपिअरचा फ्यूज, वेगळा स्विच, आणि समोरून कोणी आलं की बंद. तोंड खाली आणि डाव्या कडेला ठेवा, साइडपट्टी दिसली पाहिजे.

नाद_वायरिंगचा
इथे रिले लागत नाही, हे मीच सांगतो. स्विच मात्र पावसात पाणी न जाणारा घे, नाहीतर पहिल्याच पावसात कायमचा चालू राहील. आणि वायर हँडलच्या कोनाशी घासणार नाही अशी बांध, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ आणि मगच टाय आवळ.

व्हायझर_साफ
हेल्मेटची काच बदललीत का?

पोफळी_शिफ्ट
नाही. पण धुतली. सगळ्यांचे आभार, मामाला धागा पाठवलाय.