दादाच्या रागासाठी ओमेगा-३ सुरू करावं का?

प्रश्न (धाकटी बहीण, सांगली)
दादा ३८ वर्षांचा. अकरा वर्षं स्किझोफ्रेनिया आहे, त्यावरची ओलान्झापिनची गोळी चालू आहे. गेल्या दोन महिन्यांत तीनदा अंगावर धावून आला. परवा आईचा हात पिरगाळला. मनगट सुजलंय, पण ती शेजारी सांगते, पाय घसरला. एका काकांनी ओमेगा-३ (माशाच्या तेलात असतं ते) आणि मल्टिव्हिटॅमिनचे डबे आणून दिलेत. म्हणतात, याने तुरुंगातल्या मारामाऱ्यासुद्धा कमी झाल्या. द्यावं का? आईला रात्री दाराला कडी न लावता झोपता यावं, एवढंच हवंय.

उत्तर (एका मुलाचा बाबा, पुणे)
ताई, आधी आईच्या मनगटाचा एक्स-रे काढा. आणि दादाच्या डॉक्टरांना खरं काय झालं ते सांगा.

काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. २००२ साली इंग्लंडमधला २३१ तरुण कैद्यांवरचा अभ्यास आला. पूरक गोळ्या घेणाऱ्यांचे नियमभंग औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशा गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी कमी होते. पण ते कैदी होते. पुढे नेदरलंड्समध्ये मनोरुग्णालयांत दीर्घकाळ राहणाऱ्या रुग्णांना सहा महिने अशाच गोळ्या दिल्या, तर आक्रमकतेत फरक पडला नाही.

मीही मुलाला आठ महिने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या. मोठ्या आशेने. त्या नादात मुख्य गोष्ट नजरेतून सुटली. रात्रीची गोळी तो जिभेखाली धरून बेसिनमध्ये टाकत होता. खालच्या मजल्यावरचे आपल्याला शिव्या देतात असं त्याला ऐकू यायचं, आम्ही त्यांना सामील आहोत असं वाटायचं. म्हणून हात उठायचा. पोर दुष्ट नव्हतं, घाबरलेलं होतं. नंतर डॉक्टरांनी क्लोझापिन दिलं. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायला जायचो, फार दमणूक झाली. पण हात उठणं थांबलं.

उत्तर (निवृत्त परिचारिका, मिरज)
डबे डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय देऊच नका. बी-१२ किंवा डी जीवनसत्त्व कमी असेल तर ते जरूर भरून काढावं, पण तब्येतीसाठी. मूळ गोळी त्यापायी बंद करू नका. दादा चिडला की वाद घालू नका, आईला घेऊन दाराच्या बाजूला राहा. १४४१६ हा टेलि-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

धाकटी बहीण
आत्ता पाकिटं मोजली. या महिन्यात नऊ गोळ्या जास्त उरल्यात. उद्या सकाळी आईला आणि दादाला, दोघांनाही घेऊन जाते.