सल्ला हवा: ४-९-४ चा हिशेब पाकिटाशी जुळत नाही, तुलना कशी करावी?

अर्धविराम
न्याहारीच्या दोन पाकीटबंद मिश्रणांतून एक निवडायचं आहे. पहिल्याच्या मागे १०० ग्रॅममागे प्रथिने ८, मेद १०, एकूण कर्बोदके ६४ (त्यात तंतू १२) आणि ऊर्जा ३५४ किलोकॅलरी असं छापलंय. नेहमीचा ४-९-४ (ग्रॅममागे प्रथिनांना ४, मेदाला ९, कर्बोदकांना ४ किलोकॅलरी) लावला तर ३२ + ९० + २५६ = ३७८ येतात. मधल्या २४ गेल्या कुठे? दुसऱ्या पाकिटावर तर चक्क १५९०! छपाईवर विश्वास ठेवू की गुणाकारावर?

टीपकागद
१५९० च्या पुढे एकक काय आहे ते बघा. किलोज्यूल असणार. ४.१८४ ने भागलं की ३८०.

अर्धविराम
हो की, किलोज्यूलच आहे, मुंगीच्या अक्षरात. म्हणजे सामना ३५४ विरुद्ध ३८०. पण त्या २४ चं काय?

खलबत्ता
त्या तंतूंत आहेत. तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून जी मेदाम्लं तयार होतात तेवढीच आपल्या पदरात पडतात. म्हणून तंतूंना ग्रॅममागे ४ ऐवजी साधारण २ धरतात. करून बघा: ६४ मधून १२ गेले, ५२ × ४ = २०८. तंतूंचे १२ × २ = २४. प्रथिने आणि मेदाचे मिळून १२२. बेरीज ३५४. छापणाऱ्याने चोख काम केलंय.

मात्र अमेरिकी लेबलावर तंतू एकूण कर्बोदकांच्या पोटात असतात, युरोपीय लेबलावर वेगळ्या ओळीत. तिथे पुन्हा वजाबाकी करू नका.

आता मूळ ४-९-४. हे आकडे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस बसवले आणि त्यात शरीराची गळती आधीच वजा केलेली आहे. प्रथिनांचंच बघा ना. बाँब कॅलरीमापीत (पदार्थ पूर्ण जाळून उष्णता मोजणाऱ्या उपकरणात) जाळली तर ग्रॅमला सुमारे ५.६५ किलोकॅलरी मिळतात. शरीर मात्र त्यातला नायट्रोजन जाळू शकत नाही, युरिया करून लघवीवाटे टाकून देतं आणि त्याबरोबर सव्वा किलोकॅलरी जाते. उरलेल्या ४.४ पैकी सुमारे ९२ टक्के अंगी लागतात, म्हणून ४. मेदाला जाळून ९.४ मिळतात, ९५ टक्के शोषण धरून ९. कर्बोदकांत घट किरकोळ. अल्कोहोलला ७. पाणी, जीवनसत्त्वं, खनिजं यांना शून्य.

तिरकस
मेदालाच दुपटीहून जास्त का? कुणी सांगेल का सोप्या भाषेत?

टीपकागद
ग्लुकोज या कर्बोदकाच्या वजनात ५३ टक्के ऑक्सिजन असतो, पामिटिक आम्ल या मेदाम्लात जेमतेम साडेबारा. म्हणजे ग्लुकोज आधीच अर्धवट जळालेलं आहे, मेदाचं जळणं अजून बाकी आहे. शिवाय शरीरात ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) साठवताना ग्रॅममागे ३ ग्रॅमच्या आसपास पाणी सोबत येतं, मेद जवळजवळ कोरडा साठतो. त्यामुळे साठ्याच्या वजनात फरक आणखी वाढतो.

कोरा कागद
हिशेब ठीक, पण त्यावर फार विसंबू नका. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये बदाम खाऊ घालून प्रत्यक्ष मोजमाप केलं. २८ ग्रॅमला १२९ किलोकॅलरी निघाल्या, अ‍ॅटवॉटरच्या हिशेबाने १७० च्या घरात यायच्या. पेशींच्या भिंती न फुटल्याने बराच मेद तसाच बाहेर पडतो. अख्खे बदाम आणि त्यांचं बारीक वाटण यांना एकच आकडा लावणं मला तरी पटत नाही.

तिरकस
मग लेबल वाचायचंच कशाला?

खलबत्ता
तुलनेसाठी. दोन सारख्याच जातीच्या पदार्थांत चूक दोन्हीकडे साधारण सारखीच पडते. अर्धविराम, तुमच्या बाबतीत ३५४ आणि ३८० मधला फरक इतका लहान आहे की मी तिकडे बघणारही नाही. तंतू आणि प्रथिने कुणात जास्त ते बघा. प्रथिने पचवण्यातच त्यांच्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के खर्च होते, कर्बोदकांत ५ ते १०, मेदात फार तर ३. हा खर्च पाकिटावर कुठेच वजा केलेला नसतो. आणि तुलना १०० ग्रॅमवरच करा. ‘एक वाढणी’ किती मोठी हे अनेकदा कंपनी आपल्या सोयीने ठरवते.

अर्धविराम
दुसऱ्या पाकिटात तंतू ५च आहेत, तेव्हा पहिलंच घेते. जाता जाता एक: त्यावर ‘पॉलिऑल’ (साखरेऐवजी गोडीला वापरतात ती शर्करा-अल्कोहोलं) अशीही ओळ आहे, २ ग्रॅम. त्यांना ४ लावायचे का?

टीपकागद
नाही. युरोपीय नियमात ग्रॅमला २.४ आहेत, फक्त एरिथ्रिटॉलला शून्य. २ ग्रॅमसाठी डोकं शिणवू नका.