कॅडमियमचा ताण आणि सी. एलिगन्स: कंट्रोलमध्येच एमटीएल-१ का वाढतंय?

कृमिशाळा (प्रश्न)
सी. एलिगन्स या सूक्ष्म गोलकृमीत धातू बांधणाऱ्या प्रथिनांची एमटीएल-१ आणि एमटीएल-२ ही जनुकं कॅडमियमने किती चढतात ते मोजतोय. एन२ (प्रमाण वन्य) वाण, ब्लीच करून समवयस्क केलेले एल४ (शेवटच्या अळी-अवस्थेतले) कृमी. के-मीडियममध्ये (क्षारांच्या साध्या द्रावणात) १०० मायक्रोमोलर कॅडमियम क्लोराइड, २० अंश, २४ तास, खाद्याशिवाय. त्याआधी एम९ बफरने धुणं. मग ट्रायझॉलने आरएनए काढणं आणि क्यूपीसीआरने जनुकांचा आरएनए मोजणं; तुलनेसाठीचं स्थिर संदर्भ जनुक फक्त अ‍ॅक्टिन. सुरुवातीच्या नमुन्याशी ताडलं तर कंट्रोलमध्येही एमटीएल-१ वाढलेलं दिसतं. एमटीएल-२ची वाढ एका संचात पन्नासपट, दुसऱ्यात कित्येकशेपट. शिवाय पुढे एमटीएफ-१चं (धातू जाणून ही जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाचं) आरएनएआय करायचं, म्हणजे त्याचं जनुक गप्प करायचं आहे. काय बदलावं?

गाळप्रदेश
कंट्रोलमधली वाढ बहुधा उपासमारीची आहे. एमटीएल-१ हे डॅफ-१६ या ताणाला प्रतिसाद देणाऱ्या नियंत्रक प्रथिनाच्या हुकमतीतलं जनुक. कृमी उपाशी राहिले की डॅफ-१६ केंद्रकात शिरतं आणि धातूचा कण नसतानाही एमटीएल-१ चढतं. उष्णतेनेही चढतं, तेव्हा इनक्युबेटरचं तापमान वेगळ्या थर्मामीटरने बघा.

खाद्य द्या, पण ओपी५० (खाद्याचे जीवाणू) एलबीसकट, म्हणजे ते वाढवलेल्या द्रवासकट, ओतू नका; एलबीतली पेप्टाइडं कॅडमियम धरून ठेवतात. जीवाणू सेंट्रिफ्यूज करून के-मीडियमने दोनदा धुवा आणि दोन्ही गटांत ओडी (द्रवाची गढूळता, म्हणजे जीवाणूंची घनता) मोजून सारखेच घाला. जीवाणूही धातू शोषतात, त्यामुळे घनता बदलली की कृमींना मिळणारी मात्रा बदलते.

एम९मध्ये फॉस्फेट असतं, त्याचा कॅडमियमशी साका बनतो. शेवटचं धुणं के-मीडियमनेच करा (लिटरला साधारण २.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, ३ ग्रॅम सोडियम क्लोराइड). बाटलीवरचं हायड्रेटही वाचा: अडीच पाण्याच्या क्षाराचा रेणुभार २२८, निर्जलाचा १८३. हिशेब चुकला तर मात्रा चौथ्या हिश्शाने चुकते.

उंबरठा३५
एमटीएल-२च्या पटींवर इतक्यात विश्वास ठेवू नका. धातू नसताना हे जनुक जवळजवळ बंद असतं. कंट्रोलचा सीटी (क्यूपीसीआरमध्ये संकेत उंबरठा गाठतो ते चक्र) ३४-३५च्या घरात गेला की एका चक्राचा फरकही पट दुप्पट करतो. सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) जास्त घाला, तीन स्वतंत्र जैविक संच घ्या आणि पटींसोबत मूळ सीटीही छापा. दोन्ही जनुकांत एकेक छोटा इंट्रॉन आहे. कृमींचा मूळ डीएनए मोजणीत मिसळू नये म्हणून एक प्रायमर एक्झॉनांच्या सांध्यावर बसवा, डीएनएज वापरा, आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली नळी प्रत्येक वेळी लावा.

एकट्या अ‍ॅक्टिनवर भागणार नाही. सीडीसी-४२ आणि पीएमपी-३ हीही संदर्भ जनुकं जोडा.

आतडेवाला
आरएनएआयचा बेत इथेच थांबवा. माशीत आणि उंदरात एमटीएफ-१ आहे, या कृमीत त्याचा समकक्ष सापडलेला नाही. इथे जस्त जाणणारा केंद्रकीय ग्राही एचआयझेडआर-१ आहे. जस्त त्याला थेट चिकटतं, मग तो एमटीएल-१, सीडीएफ-२ वगैरे जनुकांच्या वरच्या भागातल्या डीएनएवर बसतो. कॅडमियमही याच ग्राहीला चालू करतं, हे २०२१मध्ये दाखवलं गेलं. म्हणून एचआयझेडआर-१ गप्प करा आणि जस्ताचा एक गट जरूर ठेवा. सीडीआर-१ हे जनुकही मोजा: ते कॅडमियमला जोरदार प्रतिसाद देतं, त्यामुळे नुसत्या उपासमारीपासून धातूचा परिणाम वेगळा काढता येतो. ईएलटी-२ला (आतड्यातल्या जनुकांच्या नियंत्रकाला) मात्र एल१पासून, म्हणजे पहिल्या अळी-अवस्थेपासून, हात लावू नका. आतड्याची घडणच त्यावर उभी आहे, आतडं बिघडलं की मिळालेल्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

आणखी एक, कॅडमियमने वाढ मंदावते. २४ तासांनी कंट्रोल प्रौढ आणि उपचारित अजून एल४मध्येच, असं झालं तर तुम्ही धातू नव्हे, वय मोजताय. गोठवण्याआधी प्रत्येक गटातले काही कृमी स्लाइडवर घेऊन योनिमुखाची घडण तपासा, तिच्यावरून वय कळतं. अवस्था जुळत नसेल तर तरुण प्रौढांपासून सुरुवात करा आणि काळ ६ तासांवर आणा.

कृमिशाळा
कंट्रोल बहुतेक प्रौढ झाले होते, उपचारित नव्हते. धुतलेलं ओपी५०, तरुण प्रौढ, ६ तास आणि जस्ताचा गट अशी नवी मांडणी करतो. मूळ सीटींसह आकडे इथेच टाकेन.