'सहावा तास' म्हणजे नेमके किती वाजले?

पानगळ : बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचे सोप्या मराठीत भाषांतर करताना मी चौथ्या अध्यायाच्या सहाव्या वचनावर अडलो आहे. प्रवासाने थकलेला येशू शोमरोनातल्या याकोबाच्या विहिरीवर टेकतो, एक बाई पाणी भरायला येते आणि 'तेव्हा सुमारे सहावा तास होता' असे मूळ ग्रीक सांगते. मी तसेच ठेवले. ते वाचून घरातल्या आठवीतल्या मुलीने विचारले, "म्हणजे मधल्या सुट्टीनंतरचा का?" शाळा बाजूला ठेवली तरी इतर वाचक सहा वाजले असेच समजणार. त्या काळी दिवस सूर्योदयापासून मोजत असल्यामुळे ही खरी भर दुपारची वेळ आहे. 'दुपारचे बारा वाजले होते' असे लिहावे, तर विहिरीच्या काठावर घड्याळ टांगल्यासारखे वाटते, शिवाय आपल्याकडे बारा वाजतात ते बहुधा कोणाचे तरी वाजतात.

खरी अडचण याच्या पुढची आहे. एकोणिसाव्या अध्यायात येशूचा न्याय करणारा रोमी सुभेदार पिलात न्यायासनावर बसतो, तेव्हाही 'सुमारे सहावा तास' हेच शब्द आहेत. विहिरीवर येशू पाणी मागतो आणि वधस्तंभावर 'मला तहान लागली आहे' म्हणतो. हा लेखक वेळ उगाच सांगत नाही. निकदेम रात्री येतो, यहूदा जेवणावरून उठून बाहेर जातो तेव्हा मूळात 'आणि रात्र होती' एवढेच तीन शब्द आहेत. तेव्हा दोन्ही ठिकाणी शोभेल असा एकच शब्द मला हवा आहे.

जुना मास्तर : 'मध्याह्न' हा शब्द असताना एवढा खल कशाला? (कृपया 'मध्यान्ह' लिहू नये, 'ह्न' आहे, 'न्ह' नाही.) आणि संख्या राखायचीच असेल तर 'तास' हा अरबी-फारसी शब्द धर्मग्रंथात कशाला? आपला 'होरा' घ्या. 'सहावी होरा' शुद्धही आहे आणि गंभीरही.

शब्दवेडी : मास्तर, आपण ज्याला शुद्ध म्हणता तो 'होरा' ग्रीकांकडूनच आला आहे. योहानाने त्या वचनात वापरलेला शब्द 'होरा' हाच आहे! ज्योतिषाबरोबर तो संस्कृतात आला. वराहमिहिराने बृहज्जातकात काहींचे मत दिले आहे की 'अहोरात्र' शब्दाची पहिली आणि शेवटची अक्षरे गळून 'होरा' उरला. ही व्युत्पत्ती रमणीय आहे, पण शब्द आधी आला आणि ती मागाहून बेतली. आणि आज मराठीत 'माझा होरा चुकला' म्हणजे माझा अंदाज चुकला. 'सहावी होरा' वाचून लोक त्या बाईला पत्रिका दाखवायला आलेली समजतील.

जुना मास्तर : वराहमिहिरापेक्षा आपल्याला अधिक कळते, हे वाचून आनंद झाला.

ओसरी : 'दुपार' या शब्दाकडेच कोणी नीट पाहिलेले दिसत नाही. दुपार म्हणजे दोन प्रहर. सूर्योदयापासून दोन प्रहर उलटले की भर दुपार, म्हणजेच मूळातला सहावा तास. तिसरा तास संपला की पहिला प्रहर संपतो, नववा संपला की तिसरा. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी मजुरांना बोलवायला तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या तासाला बाहेर पडतो, तो आपल्या प्रहरांच्या सांध्यांवरच (अकरावा तास तेवढा आडमुठा). रोमी रात्रीचेही चार पहारे होते, म्हणून येशूच्या समुद्रावरून चालण्याच्या प्रसंगात आपल्याकडे 'चौथ्या प्रहरी' सहज बसते. तेव्हा 'दोन प्रहरांची वेळ होती' असे लिहावे. आमचे आजोबा रोजच्या बोलण्यातही 'दोन प्रहरी ये' असेच म्हणत.

पानगळ : हे मनापासून आवडले, पण सहा हा आकडा हातचा जातो. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने या वचनावर बोलताना सहावा तास म्हणजे जगाचे सहावे युग असे म्हटले आहे. तळटीप द्यायची तर टेकायला आकडा लागतोच.

वसईचा वाचक : माझी तक्रार वेगळी आहे. काना गावच्या लग्नात येशू आईला म्हणतो, 'माझी वेळ अजून आलेली नाही', आणि तिथेही शब्द 'होरा'च आहे. संपूर्ण शुभवर्तमान त्या एका वेळेकडे, म्हणजे त्याच्या मरणाकडे आणि गौरवाकडे, सरकत जाते. मराठीत विहिरीवर 'दुपार' आणि लग्नात 'वेळ' आली की तो धागा तुटतो. यावर आपला 'घटका' हा शब्द का नको? पूर्वी लग्नात तळाला भोक असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यात सोडत. ते भरून बुडाले की घटका भरली आणि मुहूर्त आला. आणि माणूस शेवटच्या श्वासाला आला की 'त्याची घटका भरली' असेही आपण म्हणतो. लग्न आणि मरण एकाच शब्दात! सातव्या अध्यायात तर 'माझा समय अजून भरलेला नाही' असेच ग्रीक क्रियापद आहे.

शब्दवेडी : सातव्या अध्यायातल्या त्या वचनात 'होरा' नाही, 'कैरोस' (योग्य समय) आहे, म्हणून ते उदाहरण मागे घ्यावे. कानाच्या वचनापुरते मात्र तुम्ही मला जिंकलेत. विहिरीवर 'सहावी घटका' चालणार नाही. घटका २४ मिनिटांची, म्हणजे सहा घटका झाल्या तरी पुरते अडीच तासही होत नाहीत. तिथे 'पंधरावी घटका' लिहावे लागेल आणि मग ऑगस्टीनचे काय करणार?

ओसरी : एवढ्या काटेकोर हिशेबाला अर्थ नाही. तो 'तास' तरी कुठे ६० मिनिटांचा होता? उजेडाचे बारा भाग करीत असल्यामुळे यरुशलेमेत तो उन्हाळ्यात सुमारे ७० आणि हिवाळ्यात सुमारे ५० मिनिटांचा भरे. बदलत नसे ती फक्त दुपार.

जुना मास्तर : घटका चालेल. निदान ती आपली आहे.

वसईचा वाचक : मास्तर, 'तास' म्हणजे मूळात धातूचे वाडगेच, आणि घटिकापात्रही वाडगेच. माझ्या मते दोन्ही शब्द एकाच पाण्यात बुडालेले आहेत.

ओसरी : आमच्या गावी नांगराने जमिनीत पडणाऱ्या ओळीलाही तास म्हणतात. एक तास नांगरायला लागे तेवढा वेळ, तो एक तास. हे वाडग्यापेक्षा अधिक पटण्यासारखे आहे.

शब्दवेडी : अजिबात नाही. नांगराची ओळ कोणाच्या शेतात किती लांब, यावर वेळ ठरणार का?

पानगळ : मला हा अध्याय या आठवड्यात द्यायचा आहे. तूर्त विहिरीवर आणि न्यायासनापाशी 'दोन प्रहरांची वेळ, म्हणजे दिवसाचा सहावा तास' असे लिहिले आहे. वाक्य लंगडते आहे, हे मलाही दिसते. कानाच्या लग्नासाठी 'घटका' आणि 'वेळ' दोन्ही लिहून ठेवले आहेत.

जुना मास्तर : लांबीचा मुद्दा शब्दवेडींना कळलेला नाही. बैल किती वेळात दमतो, हे पाहायचे असते.