जपानी शाळेतली भुतं: आपापले अनुभव इथे लिहा

जास्वंद२२
काल रात्री 'गाक्को नो काइदान' (1995) हा जपानी सिनेमा परत लावला आणि सगळं आठवलं. सुट्टीच्या तोंडावरची शाळा, जुनी लाकडी इमारत, आत अडकलेली पोरं. शाळेच्या संडासातलं भूत, ती हनाको, तिला बोलवायचे नियम नक्की काय होते? जाणकारांनो, लिहा.

तांब्यापितळ
तिसरा मजला, मुलींचं स्वच्छतागृह, तिसरं दार. तीनदा टकटक, मग 'हनाको-सान, इराश्शाइमासु का?' म्हणजे 'आहात का?' आतून बारीक आवाजात 'हाऽय'. हे हाय म्हणजे 'हो', हॅलोवालं नव्हे 😄 शाळागणिक फरक असतो. काही ठिकाणी पहिल्या दारापासून प्रत्येकावर टकटक करत यावं लागतं.

मिरगाचा_किडा
संडासातच का, तर जुने संडास खड्ड्याचे, अंधारे, वर्गांपासून लांब. खालून हात येतो ही भीती तिथली. 'लाल कागद हवा की निळा?' विचारणाराही तिथलाच. लाल म्हटलं तर रक्तबंबाळ, निळा म्हटलं तर अंगातलं रक्त गायब. तिसरा रंग सांगून शहाणपणा केला तरी सुटका नाही. 'काही नको' म्हणायचं.

खिडकीपाशी
अर्धं काम इमारतच करते हो. मेजी काळापासूनचा (1868-1912) ठरलेला नमुना: वर्ग दक्षिणेला, लांबलचक व्हरांडा उत्तरेला. फळा पश्चिमेच्या भिंतीवर, म्हणजे उजेड डावीकडून येतो आणि उजव्या हाताने लिहिताना वहीवर सावली पडत नाही. वर्ग साधारण 7 बाय 9 मीटर. मुलांच्या डोळ्यांची सोय झाली, पण व्हरांड्यात थेट ऊन जवळपास येतच नाही. त्यात वर्गांना काचेची सरकती दारं. दिग्दर्शकाने कॅमेरा व्हरांड्याच्या टोकाला ठेवला की झालं, भूत नंतर आणलं तरी चालतं.

सोलकढी
रात्री वाचायला नको होतं 🙈

मिरगाचा_किडा
@सोलकढी मग दुपारी 'कातासुमी' बघा. दिग्दर्शक ताकाशी शिमिझुचा लघुपट, 1998, टीव्हीसाठी केलेला, जेमतेम तीन मिनिटांचा. शाळेतल्या सशांची देखभाल करणाऱ्या दोन मुली, बस. 'जु-ऑन' भयपटांमधलं भूत, कयाको, पहिल्यांदा इथे दिसते. लोक थेट 2002च्या 'जु-ऑन'पासून सुरुवात करतात आणि मूळच हुकतं. जोडीचा '4444444444' पण बघा. जपानीत चार म्हणजे 'शी', आणि मृत्यू म्हणजेही 'शी'.

पिठलंभाकर
कुकर लावलाय, पटकन लिहिते. कोक्कुरी-सान राहिला की, आत्म्याला बोलावून प्रश्न विचारायचा खेळ! कागदावर वर मधोमध तोरी (देवळाची कमान), दोन बाजूंना हो आणि नाही, खाली 0 ते 9 आकडे आणि हिरागाना या जपानी लिपीची 46 अक्षरं. तोरीवर 10 येनचं नाणं, त्यावर सगळ्यांची तर्जनी. शेवटी 'परत जा' अशी विनंती करून नाणं तोरीवर यायलाच हवं. मध्येच बोट उचललं की बिघडलं. नंतर कागद फाडायचा आणि नाणं खर्चून टाकायचं.

तांब्यापितळ
आपल्या प्लँचेटची जपानी बहीण. नाणं सरकवतो आपणच, नकळत. बोटांचे स्नायू किंचित हलतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसराच ढकलतोय. इनोउए एन्र्यो या जपानी तत्त्वज्ञाने हे 1887मध्येच लिहून ठेवलंय. तेव्हा कागद-नाणं नव्हतं, तीन बांबूच्या काड्यांवर भाताच्या लाकडी भांड्याचं झाकण ठेवत. अमेरिकन खलाशांकडून शिमोदा बंदरात आलेलं खूळ, असं त्याचं म्हणणं.

सोलकढी
ते सोडा, 10 येनला मिळतं काय?

खिडकीपाशी
उमाइबो. मक्याचा कुरकुरीत दांडा, आपल्या पोंग्याचा लांबचा भाऊ. 1979पासून 10 येनलाच होता. 2022मध्ये 12 झाला, 2024मध्ये 15.

सोलकढी
म्हणजे आता 5 येन वरून घालायचे 😂

पिठलंभाकर
शिट्ट्या झाल्या, पळते. सातवीतल्या पोराला दाखवायला 'काइदान'च बरा ना, का हनाकोवाला?

मिरगाचा_किडा
काइदान. त्यातली भुतं जत्रेतल्यासारखी आहेत. हनाकोचा सिनेमाही 1995च्या जुलैतलाच, पण जरा गंभीर आहे.