मायलोमा परत आलाय, एम स्पाईक ०.४ वर अडकलाय. शून्यच व्हायला पाहिजे का?

द्राक्षबाग_तासगाव
पप्पांना मल्टिपल मायलोमा (हाडातल्या मगजात, म्हणजे मॅरोत, होणारा प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) आहे, ट्रान्सप्लांटनंतर काही वर्षं चांगली गेली आणि आता परत उलटलाय. मिरजेला डारा (डाराट्युमुमॅब), बोर्टेझोमिब आणि डेक्सा (डेक्सामेथासोन) ही औषधं चालू आहेत. सुरवातीला एम स्पाईक (या पेशी रक्तात सोडतात त्या प्रोटीनचा आकडा) ३.२ होता, आता ०.४, पण मागचे दोन्ही रिपोर्ट तिथंच. डॉक्टर म्हणतात रिस्पॉन्स चांगलाय, अजून खोल गेला तर बरं. पाव्हणे म्हणतात उतरलंय की, मग कशाला औषधं मारताय. पप्पांची कंबर थांबलीय, ते तर छाटणीला बागेत जातो म्हणतायत. खोल गेल्यानं नक्की फरक काय पडतो वो?

लॅबवाला_मिरज
३.२ चं ०.४ म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के उतरलं. ५० च्या वर पार्शल रिस्पॉन्स, ९० ला व्हीजीपीआर (व्हेरी गुड पार्शल रिस्पॉन्स), म्हणजे तुमचा ०.३२ किंवा खाली यायला पाहिजे (लघवीतल्या प्रोटीनचा हिशोब वेगळा असतो). सीआर (कम्प्लीट रिस्पॉन्स) म्हणजे इम्युनोफिक्सेशन (त्याच प्रोटीनची जास्त बारीक टेस्ट) निगेटिव्ह आणि मॅरोत प्लाझ्मा पेशी ५ टक्क्यांच्या आत. पण सीआर आला तरी मुळी शिल्लक असू शकते, बागेत हरळी वरून खुरपली की कसं होतंय तुम्हाला माहितीय, पाव्हण्यांना हेच सांगा. म्हणून एमआरडी (शेवटी उरलेल्या थोड्या पेशी) टेस्ट, १ लाख पेशींत एक उरली असली तरी शोधायची. परत आलेल्या आजारात याच तीन औषधांची कॅस्टर नावाची ट्रायल झाली, त्यात एमआरडी निगेटिव्ह झालेल्यांचा आजार जास्त काळ दबून राहिला. २०२४ मध्ये तर अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीनं मायलोमाच्या नव्या औषधाला लवकर मंजुरी देताना एमआरडी धरायला १२-० नं होकार दिला.

एक विचारतो, पप्पांचा प्रकार आयजीजी कप्पा (त्या प्रोटीनची जात) आहे का? डारा स्वतःच आयजीजी कप्पा अँटिबॉडी आहे, टेस्टमध्ये त्याचीच बारीक पट्टी दिसते. सगळा ०.४ औषधाचा नसणार, पण तळाला गेल्यावर घोळ होतो. आणि रक्त चढवायची वेळ आली तर ब्लड बँकेला डारा चालू आहे हे आधी सांगा, क्रॉसमॅच (रक्त जुळवायची टेस्ट) अडकतं.

कोरेगावची_सून
वरचं बरोबर आहे पण आकड्याच्या मागं लई लागू नका असं माझं मत. आमच्या सासूबाई कधीच सीआरला गेल्या नाहीत, व्हीजीपीआरवरच कितीतरी दिवस निवांत होत्या, आणि त्यांच्याच वॉर्डातले एक काका एकदम निगेटिव्ह झालेले पण १७पी डिलीशन (पेशीतल्या १७ नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडा गळालेला) होतं, लवकर परत आला. ज्यांचा आजार मुळातच सौम्य तेच जास्त खोल जातात असंही असतंय ना, मग श्रेय औषधाला द्यायचं का आजाराला? आमचे डॉक्टर एका निगेटिव्हवर खूश व्हायचे नाहीत, वर्षभरानं परत निगेटिव्ह आला तर बघू म्हणायचे. फिश रिपोर्ट (पेशीतले असले जनुकीय बदल बघायची टेस्ट) काय आहे ते विचारा.

लॅबवाला_मिरज
ताईंचं खरंय. एमआरडी करायचीच झाली तर मॅरोचा पहिला पुल (सुईनं पहिल्यांदा ओढलेला नमुना) त्यालाच द्यायला सांगा, नंतरच्यात रक्त मिसळतं आणि पेशी असून सापडत नाहीत. आणि आयजीजी रक्तातून अर्धं व्हायलाच साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळं लगोलगच्या दोन रिपोर्टवरून अडकलाय म्हणू नका.

द्राक्षबाग_तासगाव
फाईल काढली, आयजीजी कप्पाच आहे. फिशचा कागद ट्रान्सप्लांटच्या वेळचाच आहे, आत्ताचा नाही. चालतंय का तो, का परत करायला लागंल?

कोरेगावची_सून
आमचा परत आल्यावर नवीन केलेला, आधी नसलेलं डिलीशन नंतर येऊ शकतं म्हणाले. विचाराच.